सत्तरीतलं करवंदाचं कुंपण: रोपं वर्षभर पिशवीत का थांबवली

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत, डोंगरउतारावर एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांची बागायत आहे. अख्खा गाव त्यांना मास्तर म्हणतो, मीही तेच म्हणतो. जमीन साधारण ४,००० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम एकर. वरच्या अंगाला काजू, मधे आंब्याची थोडी कलमं, खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला पोफळी नि केळी. एका बाजूला जुना चिऱ्यांचा गडगा, तोही मधेमधे ढासळलेला. बाकी तीन बाजू उघड्या.

त्रास गुरांचा. भात कापून झालं की गावातली गुरं मोकळी सुटतात, आणि मोकळ्या गुरांना कोवळ्या कलमांचे शेंडे पहिले दिसतात. मार्चनंतर काजू पडायला लागले की ती बोंडवांच्या (काजूच्या फळांच्या) वासाने थेट झाडाखाली येतात. बोंडू खाऊन जातात ते जातात, वर बिया पाचोळ्यात तुडवून ठेवतात. मग मास्तरांच्या घरातल्या काकी सकाळभर त्या वेचत बसतात. नवीन गडगा बांधायचा तर चिऱ्यांचा आणि गवंड्याचा खर्च बागेच्या उत्पन्नाला झेपणारा नाही. काटेरी तार आमच्या पावसात गंजते. तेव्हा जिवंत कुंपण हवं, आणि ते करवंदाचं हवं, इथपर्यंत मास्तरांचा विचार अगदी बरोबर होता. करवंदाला जोडीजोडीने काटे, पानात चीक, त्यामुळे गाईगुरं तोंड लावत नाहीत. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, बिनपाण्याने जगणारं हे झुडूप, त्याला इथली जमीन नवीन नाही.

मी तिथे गेलो तेव्हा एक पावसाळा वाया गेलेला होता. आदल्या वर्षी त्यांनी एका रोपवाटिकेतून करवंदाची तयार रोपं आणली होती. कंबरेएवढी उंच, हिरवीगार, पण लहानशा पिशवीतली. उंची बघून मास्तर खूश झाले आणि जुलैत खड्डे मारून त्यांनी ती लावली. पाऊस असेपर्यंत सगळी टवटवीत होती. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली, मग शेंडे वाळले. पाणी कमी पडलं असं समजून काकी आणि गडी विहिरीवरून कळशा वाहू लागले. तरी मर थांबली नाही.

एक मेलेलं आणि एक अजून हिरवं अशी दोन झाडं उपटून बघायचं ठरलं. हिरवं झाड नुसतं हाताने ओढल्यावर आलं. सगळा पावसाळा जमिनीत काढलेलं करवंद असं निघता कामा नये. मातीची ढेकळं झटकली तर मुळांचा गोळा अजून पिशवीच्याच आकाराचा होता. बाहेरची माती तांबडी, आतली काळपट, आणि दोघींमधली रेघ स्पष्ट. तळाशी पेन्सिलीएवढं जाड मुख्य मूळ पिशवीच्या बुडाला टेकून आडवं वळलेलं, आणि पुढे स्वतःभोवतीच दोन-तीन फेरे घेतलेलं. तांबड्या मातीत शिरलेली मुळं मोजकीच, तीही वरच्या थरात. मास्तरांनी ते वेटोळं हातात घेऊन सोडवायचा प्रयत्न केला. ते सुटलं नाही, तुटलं.

इथे आपल्या हवामानाचा मुद्दा येतो. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मग पुढच्या जूनपर्यंत कोरडं. पावसात कुठलंही रोप हिरवं दिसतं, काठीसुद्धा फुटते. ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत मूळ किती खोल गेलं, त्यावर ते जगणार की नाही हे ठरतं. उताराच्या जांभ्या जमिनीतून पाणी झपाट्याने निघून जातं, त्यामुळे वरच्या थरात फिरणाऱ्या मुळांना डिसेंबरनंतर काही मिळत नाही. मुळांचा गोळा आहे त्या आकारात राहिला तर वरून ओतलेल्या कळशीचाही फारसा उपयोग होत नाही. पाणी बाजूच्या मातीतून निघून जातं.

दुसरा दोष तितकाच मोठा होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. ही रोपं एकमेकांना चिकटून वाढवलेली असल्यामुळे उजेडासाठी सरळ वर गेली होती. खालची दीड-दोन वीत देठ उघडा. शोभेच्या झाडाला हे चालेल. कुंपणात मात्र तेवढ्या उघड्या जागेतून वासरू सहज आत येतं, आणि करवंद एकदा खालून बोडकं वाढलं की पुढे कितीही छाटलं तरी खालची पोकळी नीट भरत नाही. मला विचाराल तर रोपवाटिकेत उंचीवर रोप विकण्याची पद्धत कुंपणापुरती तरी बंद व्हायला हवी. गिऱ्हाईक उंचीचे पैसे देतं आणि नेमकी तीच नंतर कापून टाकावी लागते.

रोपं स्वतः करायची ठरली. पहिला हिशेब संख्येचा. तीन बाजू मिळून साधारण १९० मीटर. करवंदाची एकच ओळ लावली तर दाट व्हायला फार वर्षं लागतात, म्हणून दोन ओळी, प्रत्येक ओळीत दीड फुटावर एक, आणि मागच्या ओळीतलं झाड पुढच्या दोघांच्या मधोमध. याला साडेआठशेच्या आसपास रोपं लागतात. मरतुक धरून हजार पिशव्या.

बी मेमध्येच घ्यावं लागतं, कारण करवंदं तेव्हा काळी पडून पिकतात आणि त्यांचं बी फार दिवस टिकत नाही. सड्यावरच्या जाळ्यांमधून फळं आणली ती काट्यांकडे बघून, फळाच्या आकाराकडे नव्हे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात चांगली आहे, पण ती फळासाठी. कुंपणाला रानटी बी बरं. काकींनी गर पिळून काढला, बिया राखेत चोळून धुतल्या, सावलीत एक दिवस सुकवल्या आणि लगेच पेरल्या.

पेरणी उघड्यावर केली नाही. जूनच्या सरी उघड्या पिशवीवर पडल्या की बी वर येतं किंवा माती चोपून बसते. पडवीच्या कडेला, पत्र्याखाली पण उजेडात, भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये कागद अंथरून वाफे केले. तरीही दमट हवेत रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडायला लागलीच. हा बुरशीचा रोग आहे, आणि दाट पेरणी व पाणी न निघणं ही त्याची घरं. क्रेटच्या तळाचा कागद फाडून वाट मोकळी केली, दाटी विरळली आणि १ टक्का बोर्डो मिश्रण ओतलं. ते कुळागरवाल्यांकडे (सुपारीच्या बागा असणाऱ्यांकडे) पावसाळ्यात असतंच, सुपारीच्या कोळेरोगासाठी सगळेच मारतात: १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. त्यानंतर गोगलगायींची पाळी. त्यांना रात्री बॅटरी घेऊन वेचून मिठाच्या पाण्यात टाकण्यापलीकडे उपाय मला सापडलेला नाही. मीठ रोपांच्या आसपास टाकू नये एवढंच.

ऑगस्टअखेर रोपं बोटभर ते वीतभर झाली, आणि खरा वाद तिथे सुरू झाला.

मास्तरांचं म्हणणं, “पाऊस आहे तोवर लावून टाकूया रे. पिशवीत ठेवून मुळं परत वेटोळी होणार, तूच म्हणालास.”

मुद्दा खोटा नव्हता. लहान रोपाचं सोटमूळ अजून सरळ असतं, ते लवकर जमिनीत गेलेलं चांगलंच. पण ऑगस्टअखेर लावलेल्या बोटभर रोपाला पावसाचे जेमतेम चार-पाच आठवडे मिळतात, भोवती गवत गुडघ्याला लागलेलं असतं, आणि १९० मीटर कडेला बोटभर रोप शोधून त्याच्याभोवती बेणणारा (तण काढणारा) माणूस आणायचा कुठून? शेवटी तडजोड झाली. घराजवळच्या कोपऱ्यात, जिथे काकींची रोजची ये-जा आहे, तिथे थोड्या पट्ट्यात रोपं लगेच लावली. बाकीची सगळी पुढच्या मृगापर्यंत ठेवायची.

ठेवायची म्हणजे नुसती पाणी घालून जगवायची नाहीत. त्या नऊ महिन्यांत रोपाकडून दोन गोष्टी हव्या होत्या: सरळ, न वळलेली मुळं आणि जमिनीलगत फांद्या. उंची वाढली नाही तरी चालणार होतं.

सप्टेंबरात पाऊस ओसरू लागला तशी रोपं ६ बाय ८ इंची काळ्या पिशव्यांत हलवली. नुसती तांबडी माती भरली असती तर ती पिशवीत दगडासारखी बसली असती, म्हणून दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत आणि एक भाग भाताचं तूस. वाळवीसाठी मूठभर करंजाची पेंड. पिशवीला बाजूने भोकं असतात, पण तळाचे दोन्ही कोपरे आम्ही कात्रीने उडवले.

आणि पिशव्या जमिनीवर ठेवल्या नाहीत. पडलेल्या दोन पोफळी मास्तरांच्या परसात होत्या. त्या चिरून पट्ट्या काढल्या, चिऱ्यांच्या तुकड्यांवर आडव्या टाकल्या आणि त्यावर पिशव्या मांडल्या. खाली वीतभर हवा. पिशवीच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं मूळ हवेत येतं, त्याचं टोक सुकतं आणि मागून बारीक मुळं फुटतात. पिशवी मातीवर असती तर तेच मूळ खाली जमिनीत घुसलं असतं आणि जूनमध्ये पिशवी उचलताना तुटलं असतं. रोपवाटिकेत दर महिना-दोन महिन्यांनी पिशव्या हलवतात त्या याचसाठी. मांडवाने ते काम आपोआप होतं, वर वाळवीही लांब राहते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त फायदा या मांडवाने दिला, आणि त्याला खर्च जवळपास शून्य.

मांडव पहिल्यांदा फणसाच्या सावलीत घातला होता, गड्याला पाणी घालायला सोयीचं म्हणून. नोव्हेंबरात रोपं एका बाजूला कलली आणि दोन पानांमधलं अंतर वाढलेलं दिसलं. मांडव काजू वाळवतात त्या खळ्याच्या कडेला नेला, ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी घातली आणि जानेवारीत तीही काढली. पिशव्यांमध्ये बोटभर अंतर सोडलं, कारण पानाला पान लागलं की रोप वर पळतं.

मग छाटणी. रोप वीतभर उंचीचं झालं की शेंडा खुडायचा. करवंदाची पानं समोरासमोर असतात, त्यामुळे पानांच्या जोडीच्या अगदी वर कापलं तर दोन्ही बगलांतून फूट येते आणि रोपाला बेचकं मिळतं. काकींनी शिवणाची कात्री घेतली होती. कापल्याबरोबर पांढरा चीक टपकतो, थोड्या वेळाने थांबतो, कात्रीची पाती मात्र चिकटून बसतात. मास्तर बाजूला उभे राहून बघत होते.

“वर्षभर वाढवलं ते कापायला?”

“मास्तर, वरचं कापलं नाही तर खाली काही येणार नाही.”

“मुलांना शिकवताना बरं होतं, कापावं लागत नव्हतं,” एवढं म्हणून ते चहाला गेले. काकींनी त्या दिवशी अर्धा मांडव खुडून संपवला. मार्चमध्ये नवीन फांद्यांचे शेंडे पुन्हा एकदा खुडले. उंची त्यामुळे गुडघ्याच्या वर गेली नाही, पण प्रत्येक रोपाला जमिनीपासून चार बोटांवर पहिलं बेचकं होतं.

खतपाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फेब्रुवारीपर्यंत पंधरवड्याला पातळ शेणपाणी, मग बंद. एप्रिलमध्ये विहीर खाली गेली तेव्हा दुपारचं पाणी सोडून सकाळी एकदाच घातलं. मेच्या मध्यापासून एक दिवसाआड केलं. जमिनीत जाणाऱ्या रोपावर कोवळी पोपटी फूट असू नये, पानं गडद आणि जाडसर हवीत. कोवळी फूट पहिल्या जोरदार वाऱ्यापावसात फाटते आणि शेळ्यांना आवडते.

चर मेमध्ये, पहिल्या वळिवाने जमीन थोडी मऊ झाल्यावर खणले, फूटभर रुंद, फूटभर खोल. हद्दीपासून मीटरभर आत. हे मास्तरांना जड गेलं, पण कुंपण दोन्ही अंगांनी छाटावं लागतं आणि शेजाऱ्याच्या जमिनीत उभं राहून कोयता चालवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्याआधी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आणि नकाशा काढून शेजाऱ्यांना बरोबर घेऊन हद्दीचे दगड बघून झाले होते. जिवंत कुंपण एकदा वाढलं की ते पुढे हद्द म्हणूनच धरलं जातं, त्यामुळे हे आधी केलेलं बरं.

पाऊस आला म्हणून लगेच लावलं नाही. हातभर खणून ओल लागते का बघितलं, आणि ती लागल्यावर जूनच्या मध्याला लावणी केली. पिशवी ओढून काढायची नाही, ब्लेडने उभी चिरायची. मुळांचा गोळा उघडा पडला तेव्हा मास्तरांनी पहिल्यांदा समाधानाने मान हलवली: बाजूंनी पांढरी, बारीक टोकं, तळाला वेटोळं नाही. काही पिशव्या मांडवाच्या टोकाशी जमिनीला टेकल्या होत्या, त्यांच्यात थोडी गुंडाळी दिसली. त्या गोळ्यांना तीन बाजूंनी सुरीने उभे काप दिले. रोपाच्या मानेपेक्षा, म्हणजे मूळ आणि खोड जुळतं त्यापेक्षा, खोल कुठलंच रोप पुरलं नाही, नाहीतर चरातलं पाणी खोडाशी साचतं. व्हाळाकडच्या पट्ट्यात पाणी साचतंच, तिथे करवंद लावलं नाही. तिथे निरगुडी. तिच्या पेन्सिलीएवढ्या काड्या पावसाळ्याच्या तोंडाला पिशवीत टोचल्या, मुळं धरल्यावर त्याच पावसात लावल्या. तिला वर्षभर थांबवण्याचं काहीच कारण नाही. ग्लिरिसिडियाचं तर त्याहून सोपं: पुरुषभर उंचीच्या ओल्या खुंट्या दर दोन-तीन मीटरवर थेट जमिनीत ठोकल्या. त्या फुटल्या आणि खांब झाल्या. त्यांना दोन तारा ओढून, खाली काट्यांच्या फांद्या अडकवून तात्पुरती वंय (कुंपण) झाली. करवंद आपल्या पायावर उभं राहीपर्यंत गुरांना अडवायला दुसरं काहीतरी लागतंच.

लावल्यावर पहिलं काम पुन्हा कापणं. वरचा एक तृतीयांश भाग उडवला. या वेळी मास्तर काही बोलले नाहीत.

जुलैत पाणी घालण्याचा प्रश्न नव्हता, पण ऑगस्टमधलं बेणणं फार महत्त्वाचं ठरलं. रानमोडी आणि गवत रोपांवर चढायच्या आत, आणि रानमोडीला फुलं येण्याच्या कितीतरी आधी, कापून रोपांच्या बुडाशी पसरलं. सप्टेंबरात पुन्हा. ऑक्टोबरात तोच पाला आच्छादन म्हणून उपयोगी पडला. डिसेंबरात पाचोळा पेटण्याची भीती असते म्हणून बाहेरच्या अंगाने मीटरभर पट्टा साफ ठेवला. पहिल्या उन्हाळ्यात काही रोपं गेली, बहुतेक सड्याच्या उघड्या कातळाजवळची, जिथे चर नीट खणताच आला नव्हता. तिथे पुन्हा रोप लावण्यात अर्थ नाही. ढासळलेल्या गडग्याचे चिरे आणून तेवढा भाग बांधून घेतला. बाकीच्या ओळीने मे महिना पाण्याशिवाय काढला.

घराजवळच्या पट्ट्याचं काय झालं, हे सांगणं भाग आहे. आदल्या ऑगस्टात लावलेली ती बोटभर रोपं. त्यातली बरीच पहिल्या पंधरा दिवसांत गोगलगायींनी आणि गवताने खाल्ली. पण काकींच्या देखरेखीखाली जी वाचली, ती दुसऱ्या पावसाळ्यात पिशवीतल्या रोपांच्या बरोबरीला आली, एक-दोन तर पुढेही गेली. एक बाजूने खणून बघितलं तर सोटमूळ सरळ खाली गेलेलं, कुठे वळण नाही. तेव्हा घराच्या कडेचे दहा-पंधरा मीटर असतील आणि रोज लक्ष ठेवणारं माणूस असेल, तर लहान रोप थेट जमिनीत लावायला मी नाही म्हणणार नाही. बागेच्या लांबच्या कडेला मात्र मी पिशवीतच वर्ष काढेन.

आता दुसरा पावसाळा संपला आहे. करवंद मांडीएवढं आहे, खालच्या फांद्या एकमेकींत शिरायला लागल्या आहेत, आणि वासरू आत येत नाही. मोठी गुरं तारेमुळे थांबतात, करवंदामुळे अजून नाही. त्याला आणखी दोन पावसाळे लागतील. गव्याला हे कुंपण कधीच थांबवणार नाही, आणि सत्तरीत तशी आशा कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नये. पुढच्या जूनमध्ये पहिली खरी छाटणी आहे. तेव्हा खालचा घेर वरच्यापेक्षा रुंद ठेवायचा, म्हणजे बुडाला ऊन मिळत राहील.

राखून ठेवलेल्या रोपांतली पन्नासेक अजून मांडवावर उरली आहेत, त्याच ६ बाय ८ च्या पिशव्यांत. शेजारचे परवा ती मागायला आले होते. मास्तरांनी एक पिशवी उलटी करून तळ बघितला आणि त्यांना म्हणाले, “न्या, पण आधी मोठ्या पिशवीत घाला, मुळं सुरीने कापा, आणि पुढच्या मृगाला लावा.” शेजाऱ्यांना ती तुळशीविवाहाच्या आधीच लावायची आहेत. बोलणी चालू आहेत.